धावफलकात न दिसणारा मुलगा

क्रिकेटचा धावफलक हा मोठा बोलका कागद आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोणी किती धावा केल्या, कोणाला कोणी बाद केले, कोणाच्या षटकांत किती मार पडला, सारे त्यात सापडते. पण या बोलक्या कागदाला एका खेळाडूविषयी मात्र बोलता येत नाही. कसोटीच्या एका दिवसात नव्वद षटके, म्हणजे ५४० चेंडू. त्या प्रत्येक चेंडूला यष्टिरक्षक खाली बसतो आणि उठतो. संध्याकाळी त्याच्या नावापुढे काय उरते? एखाददुसरा झेल, नशीब असेल तर एक यष्टिचीत, आणि अवांतर धावांत बायचा आकडा. हा आकडाही वाचणारा त्याच्याच खात्यावर दोष म्हणून टाकतो. फलंदाजाला चकवून मागे आलेले आणि त्याने बिनबोभाट गोळा केलेले चेंडू कोठेच नोंदले जात नाहीत. यष्टिरक्षकाचे चांगले काम म्हणजे काही न घडणे. आणि काही न घडल्याची नोंद ठेवणार कोण?

मोठ्या खेळाडूंच्या बाबतीत यामुळे फारसे बिघडत नाही. त्यांना लाखो डोळे पाहत असतात. बिघडते ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत. त्याला पाहणारे डोळे दोन किंवा चार, तेही अर्ध्या तासापुरते. मग निवड करणारा जे कागदावर दिसते त्याचा आधार घेतो, आणि कागदावर दिसतात त्या धावा. अशा रीतीने यष्टिरक्षकाची पारख त्याच्या बॅटवरून होते. मासे विकणारीची पारख तिच्या टोपलीच्या रंगावरून करावी, तसाच हा प्रकार.

उत्तनचे उदाहरण घेऊ. भाईंदर स्टेशनावर उतरून बसने पश्चिमेला निघाले की मिठागरे आणि खाजण मागे टाकत रस्ता समुद्राकडे जातो. उत्तन, पाली, चौक, डोंगरी ही सगळी कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची जुनी वस्ती. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगा, वेलंकनी मातेचे देऊळ, चिमाजी आप्पांच्या मोहिमेची आठवण सांगणारा धारावीचा किल्ला. महापालिका मीरा-भाईंदरची, जिल्हा ठाणे, आणि क्रिकेटच्या हिशेबाने हद्द मुंबईची. म्हणजे इथल्या मुलाला मुंबईच्या टोपीचे स्वप्न पाहण्याचा पूर्ण हक्क आहे. फक्त त्या स्वप्नाचे ठिकाण आझाद मैदानावर आहे आणि तो राहतो खाडीच्या या टोकाला.

किनाऱ्यावरच्या गावांत क्रिकेट ओहोटीच्या वेळापत्रकाने चालते. वाळू ओली आणि घट्ट असते तोवर डाव, भरती आली की डाव संपला. चेंडू टेनिसचा. यष्टीमागे उभे राहण्याचे काम बहुधा सर्वांत लहान पोराच्या माथी येते, कारण बॅट आणि चेंडू मोठ्यांच्या हातात असतात. मागून चेंडू सुटला तर तो आणायला धावायचे, तेही पुष्कळदा पाण्यात. सुटलेला चेंडू स्वतःलाच आणावा लागणे, यासारखा शिक्षक नाही. अशा शाळेत शिकलेल्या दहा पोरांपैकी एखाद्याला त्या जागेची गोडी लागते. त्याला बॅटपेक्षा चेंडू हातात विसावण्याचा आवाज आवडू लागतो. हाच मुलगा आपल्याला शोधायचा आहे.

यावर लगेच एक उत्तर येते: 'कोळ्याच्या पोराचा हातच चपळ, त्याला शिकवायला काय लागते!' हे कौतुकासारखे वाटते, पण तो आळस आहे. हात रक्तातून येत नाही, तासांतून येतो. शिवाय किनाऱ्यावर मिळालेले शिक्षण जसे उपयोगी तसे अडचणीचेही असते. टेनिसचा चेंडू हातातून उसळून बाहेर पडतो, म्हणून मूल त्याला झडप घालून पकडायला शिकते. लेदरच्या चेंडूला याच्या उलट वागवावे लागते. हात मऊ ठेवून चेंडूला येऊ द्यायचे, तो आला की हात किंचित मागे न्यायचे, बोटे चेंडूकडे रोखायची नाहीत. झडप घालणारा मुलगा लेदरच्या चेंडूवर पहिल्या दिवशी दोन झेल सोडतो आणि एखादे बोट सुजवून घेतो. निवड चाचणीत तोच त्याचा पहिला दिवस असेल, तर वहीत 'हात कच्चे' अशी नोंद होते आणि गोष्ट संपते. खरे पाहता त्या मुलाचे हात कच्चे नसतात, ते दुसऱ्या चेंडूचे असतात. ही सवय योग्य माणसाच्या हाताखाली, योग्य हातमोजे मिळाल्यावर मोडता येते. मोडता न येणारी गोष्ट वेगळी आहे. चेंडू टप्पा पडल्यावर जी नजर आधीच दिशा ओळखते, पाय आधी हलतात आणि डोके स्थिर राहते, ती नजर. ती त्या सोडलेल्या झेलांतही दिसू शकते, पण पाहणाऱ्याला काय पाहायचे ते ठाऊक हवे.

काय पाहायचे, हा प्रश्न आपल्यापेक्षा अधिक चिकाटीने दुसऱ्या एका खेळाने सोडवला आहे. बेसबॉलमध्ये आपल्या यष्टिरक्षकाच्या जागी जो बसतो त्याला कॅचर म्हणतात. तोही प्रत्येक चेंडूला उकिडवा बसतो, गोलंदाजाला कोणता चेंडू टाकायचा याची खूण करतो आणि सारे मैदान त्याच्यासमोर असते. अमेरिकेत व्यावसायिक संघांचे पारखी गावोगाव फिरून असे मुलगे पाहतात. त्यांच्या हातात स्टॉपवॉच असते. चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडल्यापासून सुमारे ३९ मीटरवरच्या दुसऱ्या बेसवर पोहोचेपर्यंतचा वेळ ते मोजतात. साधारण दोन सेकंदांत हे काम झाले तर हात चांगला. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट स्टॉपवॉच नव्हे, त्यांची वही. तिच्यात प्रत्येक गुणाला २० ते ८० पर्यंत आकडा देतात. ५० म्हणजे सर्वोच्च पातळीवरचा सरासरी खेळाडू. आणि प्रत्येक गुणापुढे रकाने दोन असतात: आज किती आणि पुढे किती होईल. पंधरा वर्षांच्या मुलाचा आजचा आकडा ३० असला तरी उद्याचा ५५ लिहिणारा पारखी तिकडे वेड्यात निघत नाही. उलट, तो आकडा लिहिण्यासाठीच त्याला पगार मिळतो.

आपल्या निवडीच्या वहीत 'आज' एवढा एकच रकाना असतो. सगळे दुखणे इथे आहे.

बेसबॉललाही हे शहाणपण एका दिवसात आलेले नाही. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या मोलिना कुटुंबाची कथा पाहावी. वडील बेंजामिन कारखान्यात कामगार. संध्याकाळी घरासमोरच्या मैदानावर वस्तीतल्या पोरांना खेळ शिकवीत. बेंजी, होसे आणि यादियेर हे त्यांचे तिघेही मुलगे कॅचर झाले आणि तिघांनीही वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघात स्थान मिळवले. थोरल्या बेंजीला निवडयादीत कोणी घेतले नव्हते. १९९३ मध्ये एका संघाने त्याच्याशी किरकोळ करार केला, आणि पुढे २००२ व २००३ मध्ये त्याच्या जागेवरच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा मान त्यालाच मिळाला. मधला होसे हा तर आपल्या मुद्द्याचा जिवंत पुरावा. फलंदाजीत तो अगदीच सामान्य. शंभर प्रयत्नांत त्याचे फटके तेवीसच लागत. तरीही तो मोठ्या लीगमध्ये पंधरा हंगाम टिकला. कडेचा चेंडू तो इतक्या शांत हाताने घेई की पंचाला तो योग्य टप्प्यातलाच वाटे. ही कला प्रशिक्षकांना माहीत होती, पण मोजता येत नव्हती. २००७-०८च्या सुमारास मैदानांवर चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे आले, अभ्यासकांनी हिशेब मांडला, आणि २०११ मध्ये कळले की या सामान्य फलंदाजाचे हात संघाच्या कितीतरी धावा वाचवीत होते. त्यानंतरच्या हंगामासाठी टॅम्पा बेच्या संघाने त्याला मुद्दाम घेतले. बेंजामिन यांचा २००८ मध्ये त्याच घरासमोरच्या मैदानावर हृदयविकाराने मृत्यू झाला होता. मधल्या मुलाचे हात किती मोलाचे हे आकड्यांनी सांगितले ते त्यानंतर.

होसे मोलिनाची गोष्ट वाचताना मुंबईकराला नरेन ताम्हाणे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९५५ ते १९६० या काळात ते २१ कसोटी सामने खेळले. ३५ झेल आणि १६ यष्टिचीत, म्हणजे एकूण ५१ बळी. यष्टिचीतांचे हे प्रमाण पाहिले तरी फिरकी गोलंदाजांच्या मागे ते कसे उभे राहत असतील याची कल्पना येते. त्यांची फलंदाजीची सरासरी मात्र १०.२२. आजच्या एखाद्या निवड चाचणीत ताम्हाणे नावाचा चौदा वर्षांचा मुलगा आला तर त्याचे काय होईल, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. पुढे हेच ताम्हाणे राष्ट्रीय निवड समितीवर होते आणि १९८९ मध्ये सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला पाकिस्तानला पाठविणाऱ्या समितीत त्यांचा वाटा होता. ज्याला यष्टीमागून पाहायची सवय असते त्याला 'उद्या'चा रकाना वाचता येतो, असे म्हणायला हरकत नाही.

ताम्हाण्यांच्याच काळातली दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. १९६० च्या जानेवारीत ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध बुधी कुंदरन कसोटीत उतरले तेव्हा ते रणजी करंडकाचा एकही सामना खेळले नव्हते. राहते घर लहान, म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री ते बागेत झोपले, आणि यष्टिरक्षणाचे हातमोजे त्यांनी ताम्हाण्यांकडून उसने घेतले होते, ही हकीकत क्रिकेटच्या पुस्तकांत नोंदलेली आहे. आपण ती गंमत म्हणून सांगतो. खरे तर ती आपल्या व्यवस्थेवरची टीका आहे. कसोटी खेळणाऱ्याला हातमोजे उसने घ्यावे लागले, तर उत्तनच्या पोराने काय करावे? यष्टिरक्षकाचे सामान फलंदाजापेक्षा जास्त. हातमोजे, आतले मोजे, वेगळी पॅड, आणि मूल वाढत्या वयाचे असल्यामुळे दर वर्षी नवा आकार. महिन्याचे उत्पन्न समुद्राच्या मर्जीवर असलेल्या घरात हा खर्च कोणत्या खात्यात मांडायचा?

पारखी माणूस योग्य जागी असला म्हणजे काय होते, याचीही उदाहरणे आपल्याजवळ आहेत. ती उत्तनपासून फार दूर नाहीत. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत दिनेश लाड यांनी १९९९ मध्ये एका मुलाला ऑफस्पिनर म्हणून घेतले आणि काही दिवसांत ओळखले की याचा खरा गुण फलंदाजीत आहे. तो रोहित शर्मा. पालघरहून लोकलने येणाऱ्या शार्दूल ठाकूरला तर त्यांनी स्वतःच्या घरात ठेवून घेतले, कारण प्रवासात मुलाची शक्ती संपत होती. खुद्द यष्टिरक्षकाचे उदाहरण हवे असेल तर भारतीय क्रिकेट मंडळाने २००२ मध्ये सुरू केलेल्या प्रतिभाशोध योजनेचे घ्यावे. पत्रकार मकरंद वायंगणकर यांची ती कल्पना, दिलीप वेंगसरकर तिचे प्रमुख. माजी खेळाडूंनी लहान गावांत जाऊन सामने पाहायचे, एवढेच तिचे स्वरूप. २००३ मध्ये जमशेदपूरला बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार यांनी झारखंडचा एक मुलगा पाहिला आणि त्याच्याविषयी अहवाल पाठविला. शाळेत फुटबॉलचा गोलरक्षक असलेला, एकविशी ओलांडलेला तो मुलगा म्हणजे महेंद्रसिंग धोनी. तंत्राच्या पुस्तकात न बसणारे त्याचे हात 'आज'च्या रकान्यात नापास झाले असते.

यष्टिरक्षक उशिरा पिकतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. मुंबईचा समीर दिघे २००१ मध्ये चेन्नईला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी खेळला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. शेवटच्या डावातल्या त्याच्या नाबाद २२ धावांनी भारताने तो सामना आणि मालिका जिंकली. अमरावतीच्या जितेश शर्माला भारताकडून पहिला सामना खेळायला मिळाला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर. ज्या कामात बुद्धी, पाय आणि धीर यांना एकत्र यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, त्या कामाचा निकाल आपण चौदाव्या वर्षी एका सकाळी लावतो. त्या वयात मुलांची उंची झपाट्याने वाढत असते. काल बुटका म्हणून नाकारलेला मुलगा वर्षात उंच होतो, आणि उंच झालेला काही महिने स्वतःच्याच पायांत अडखळतो. वयोगटाच्या तारखेनंतर लगेच जन्मलेल्या मुलाला त्याच गटातल्या धाकट्यापेक्षा जवळजवळ वर्षाची आघाडी असते. तीही आपण गुणवत्ता म्हणून मोजतो.

'आजच्या क्रिकेटमध्ये फलंदाजी न येणारा यष्टिरक्षक चालतो का?' असा प्रश्न येथे कोणीही करील, आणि तो रास्त आहे. नाही चालत. २०२४ च्या रणजी उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध हार्दिक तामोरेने शतक काढले ते मुंबईच्या किती उपयोगी पडले हे आपण पाहिले आहे. पण मुद्दा फलंदाजी नको असा नाही. तेराव्या वर्षी फलंदाजी पाहून यष्टिरक्षक निवडायचा आणि मग त्याचे हात सुधारतील अशी आशा धरायची, की हात पाहून निवडायचा आणि त्याला फलंदाजी शिकवायची, एवढाच प्रश्न आहे. पहिल्या मार्गाने मिळतो तो हातमोजे घातलेला फलंदाज. बेसबॉलची सरसकट नक्कल करावी, असेही कोणी म्हणणार नाही. कॅरिबियन बेटांवर आणि व्हेनेझुएलात सोळा-सतरा वर्षांच्या पोरांशी करार होतात, आणि त्यांतले बहुतेक पुढे शाळाही नाही आणि खेळही नाही अशा अवस्थेत घरी परततात. मुलांचा बाजार आपल्याला नको. आपल्याला हवी आहे ती त्यांची दोन रकान्यांची वही.

ही वही ठेवायला पैसा फारसा लागत नाही. यष्टिरक्षक मुलाला निदान तीन वेळा पाहावे, असा नेम करता येईल: एकदा कोरड्या खेळपट्टीवर, एकदा ओल्या, आणि एकदा त्याने झेल सोडल्यानंतरच्या अर्ध्या तासात. झेल सोडल्यावरचा पुढचा चेंडू तो कसा घेतो, यावरून जे कळते ते शंभर झेलांवरून कळत नाही. फिरकीला यष्टीजवळ उभा असताना डोके वर उचलतो का, लेगच्या बाजूचा चेंडू पायांनी गाठतो की नुसते हात फेकतो, क्षेत्ररक्षकाचा वाकडा फेक सावरून घेतो का, गोलंदाजाशी बोलतो का, एवढ्या चार-पाच गोष्टी लिहिल्या तरी पुष्कळ. ओल्या खेळपट्टीसाठी मुंबईजवळ कांगा लीगसारखी पावसाळी परंपरा १९४८ पासून आहेच. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत निवड करणाऱ्यांनी एखादा रविवार भाईंदर-वसईच्या बाजूला घालवला, तर मुलगा कसा खेळतो हे पाहायला त्याचा बापही मैदानावर सापडेल.

शाळांनी आणि गावातल्या मंडळांनी एक पेटी करावी. जुने झालेले, लहान पडलेले हातमोजे आणि पॅड तिच्यात जमा व्हावेत आणि गरज असलेल्या मुलाने किंवा मुलीने हंगामापुरते न्यावेत. मुलीचे नाव इथे मुद्दाम घेतले आहे. मुंबईची सुलक्षणा नाईक भारताची यष्टिरक्षक होती आणि पुढे क्रिकेट मंडळाच्या सल्लागार समितीवर बसली. वाळूतल्या डावात भावाच्या मागे चेंडू आणायला धावणाऱ्या बहिणीकडे कोणी पारखी म्हणून पाहिले आहे का?

आणि घरच्यांसाठी दोन शब्द. सामन्यावरून आलेल्या यष्टिरक्षक मुलाला 'किती धावा केल्यास?' हे पहिल्यांदा विचारू नये. 'किती चेंडू नीट आले हातात?' असे विचारावे. तो जे सांगेल त्यात त्याचा खेळ असेल. वाढत्या वयात दिवसभर उठबस करून गुडघ्याखाली दुखू लागले तर त्याला नाटक म्हणू नये, डॉक्टरांना दाखवावे आणि काही दिवस विश्रांती द्यावी. शाळा सोडून मैदान, असा सौदा करू नये. नाकारले गेल्यावर मात्र कारण विचारावे, आणि निवड करणाऱ्यांनी ते एका ओळीत का होईना लिहून द्यावे. 'हात चांगले, पाय हळू, पुढच्या वर्षी पुन्हा ये' एवढी चिठ्ठी मिळालेला मुलगा पुढच्या वर्षी परत येतो. काहीच न मिळालेला मुलगा भाईंदरच्या गाडीत बसून किट मांडीवर घेतो आणि ठरवून टाकतो की हे आपले काम नव्हे.

मुंबईच्या क्रिकेटला फलंदाजांची ददात नाही. त्यांच्यासाठी धावफलक आहे. यष्टीमागे बसलेल्या पोरासाठी कोणीतरी वहीत दुसरा रकाना आखायला हवा. त्याला पेन्सिल आणि पट्टी पुरते. लागते ती तिथपर्यंत जाण्याची आणि पुन्हा एकदा जाऊन पाहण्याची तयारी.